गिअरची मोटारसायकल शिकताना सुरुवात कशापासून करावी? पहिला गिअर टाकला की गाडी बंद पडते.

सुरुवात क्लचपासून करा, आणि पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटरला हातच लावू नका. हेल्मेट घालून मोकळ्या, सपाट जागेत जा. इंजिन थोडं गरम झालं की क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, पाय जमिनीजवळ ठेवा आणि क्लच अगदी सावकाश सोडा. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो, गाडी पुढे ओढ घेते. हात तिथेच रोखा. गाडी माणसाच्या चालीने थोडी सरकू द्या, मग क्लच दाबून ब्रेक लावा. ही जागा बोटांना आपोआप सापडेपर्यंत हेच करायचं. कंटाळवाणं आहे, पण गाडी बंद पडते ती याच जागेवरून क्लच झटकन सुटतो म्हणून; इंजिनचे फेरे एकदम खाली येतात. नवशिक्यांना शिकवताना मी हाच क्रम ठेवतो, आणि बहुतेकांची पहिली शंका 'क्लच जळणार नाही ना?' हीच असते. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात फिरतो, एवढं घसरणं तो सहन करतो. वास येऊ लागला तर मात्र गाडीला विश्रांती द्या.

ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबू नका. हँडल सरळ ठेवून पुढचाही हळूहळू दाबा.

चढावर किंवा मऊ मातीत नुसत्या क्लचवर गाडी हलणार नाही, तिथे किंचित ॲक्सिलरेटर लागतोच.