दुर्मीळ मॉस काचेत वाढवायला घेण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

दुर्मीळ मॉस, म्हणजे ओलसर जागी वाढणाऱ्या त्या बिनफुलांच्या इवल्या वनस्पती, प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून आनंद झाला. माध्यम, म्हणजे रोप ज्यावर वाढवायचं ते पोषक मिश्रण, कोणतं वापरू, असं तू विचारलं आहेस. सगळे आधी तेच विचारतात. बहुतेक मॉसना क्नॉपच्या द्रावणासारखं साधं क्षारमिश्रण आणि ते जेलीसारखं घट्ट करणारं अगार पुरतं. मुराशिगे-स्कूग हे जास्त क्षारांचं माध्यम वापरायचंच असेल तर पातळ करून घे. साखर शक्यतो टाळ. मॉसला ती बहुधा लागत नाही, बुरशीला मात्र लागते.

खरी कसोटी नमुना निर्जंतुक करताना लागते. मॉसचं पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं असतं. ज्या ब्लीचने बुरशी मरते त्यानेच पानही मरतं. म्हणून मिळाला तर पिकत आलेला, पण न उघडलेला बीजाणुकोश, म्हणजे बीजाणूंची डबी, निवड. भिंत शाबूत असेल तर आतले बीजाणू सहसा स्वच्छच असतात. कोश बाहेरून ब्लीचने धुवायचा, निर्जंतुक पाण्यात खळबळायचा आणि मग प्लेटवर, म्हणजे माध्यम भरलेल्या झाकणाच्या बशीत, फोडायचा.

पण कित्येक दुर्मीळ जाती कोश धरतच नाहीत. नर आणि मादी रोपं वेगळी असतात आणि उरलेल्या जागी दोन्हींपैकी एकच शिल्लक असतं. मग कोंबाच्या टोकांवरच भागवावं लागतं. ब्रिटनमधल्या धोक्यातल्या जातींसाठी लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानातल्या संशोधकांनी नेहमीच्या ब्लीचऐवजी सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट हे क्लोरीनयुक्त निर्जंतुक वापरलं. ते कोवळ्या पेशींना त्यामानाने सौम्य पडतं. किती मिनिटं, हे मात्र जातीगणिक बदलतं, म्हणून आकडा सांगत नाही. आधी त्याच प्रजातीतल्या (genus) एखाद्या सर्रास सापडणाऱ्या जातीवर वेळ बसवून घे. मूठभरच उरलेल्या रोपांवर हात साफ करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि तुकडा पांढरा पडला म्हणून प्लेट लगेच फेकू नकोस. चार हिरव्या पेशी तगल्या असतील तर त्यांतूनही प्रोटोनिमाचे, म्हणजे मॉसच्या कोवळ्या पहिल्या अवस्थेचे, तंतू फुटतात. ही चिवट जात आहे, आपणच उतावळे असतो.

हॉर्नवर्ट या मॉसच्या नातलग वनस्पतींचं प्रकरण निराळं. त्यांच्या शरीरातल्या पोकळ्यांत नॉस्टॉक हा सायनोबॅक्टेरिया राहतो आणि त्यांना नायट्रोजन पुरवतो. त्याला घाण समजायचं की सोबती, हे आधी ठरव. काढून टाकलास तर नायट्रोजन माध्यमातून द्यावा लागेल.

काचेत वाढलेलं रोप रानातल्यासारखं दिसत नाही. लांबट, फिकट, विरळ पानांचं होतं. भलत्याच मॉसचा एखादा तुकडा नमुन्यासोबत आला असेल तर तोच जोमाने पसरतो आणि आपण महिनोन्महिने त्यालाच जपत बसतो. म्हणून गोळा करतानाच नमुन्याचा एक भाग वाळवून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, दे. जागा, तारीख आणि प्रत्येक प्लेटची वंशावळ लिहून ठेव. कंटाळवाणं काम आहे, पण नोंद नसलेली प्लेट परत निसर्गात लावता येत नाही.

एका कोंबापासून केलेल्या शंभर प्लेट म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच रोप, हेही विसरू नकोस. वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या कोंबांपासून निरनिराळ्या वंशरेषा लाव आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नकोस. वर्षानुवर्षं एका प्लेटवरून ताज्या अगारवर बदली करत राहिलं की अगारला सोसणारेच टिकतात. त्यावर उपाय अतिशीत साठवणीचा: ॲब्सिसिक आम्ल (वनस्पतींचं ताण सोसायला मदत करणारं संप्रेरक) आणि सुक्रोजची सवय लावायची, अल्जिनेटच्या (समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या जेलीच्या) मण्यांत तुकडे बंद करायचे, मणी सुकवायचे आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचे. धोक्यातल्या अनेक जाती अशा ठेवून पुन्हा वाढवता आल्या आहेत. तरी एक संच दुसऱ्या प्रयोगशाळेत असू दे.

या सगळ्याने मुदत वाढते, इतकंच. डिट्रिकम कॉर्न्युबिकम हे इवलंसं मॉस कॉर्नवॉलमधल्या जुन्या खाणींच्या तांबं मिसळलेल्या उघड्या मातीवर वाढतं. ती जमीन झुडपांनी झाकली गेली तर प्लेटमधली रोपं न्यायची कुठे? तुझ्या प्रकल्पात त्या जागेची देखभाल कोणाकडे आहे, हे पहिल्याच बैठकीत विचार.

आणि सरावासाठी कोणती जात घेतोस ते कळव. त्यावरून ब्लीचच्या वेळेबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.