रस्त्यात सेन्सर बसवले की पार्किंगचा प्रश्न सुटतो का?

तुम्ही विचारलंय की रस्त्यावर वायरलेस सेन्सर लावले तर पार्किंगची बोंब कमी होईल का. थोडी होईल, पण सेन्सरपेक्षा त्याच्या आकड्यांचं पुढे काय करता त्यावर सगळं आहे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हेच केलं होतं. एका डबीत मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर), छोटा रेडिओ आणि बॅटरी, बस. गाडी म्हणजे लोखंडच की, ती वर येऊन उभी राहिली की तिथलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जरासं हलतं आणि तेवढं सेन्सरला पुरतं. बदल झाला की रेडिओ जागा होतो, खांबावरच्या रिपीटरला (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या यंत्राला) 'भरलं' किंवा 'रिकामं' एवढंच कळवतो आणि परत झोपतो, म्हणून तर बॅटरी इतकी टिकते. आमच्या डबीने सरांची कार मस्त पकडली, पण मग त्या जागेत तीन ॲक्टिव्हा घुसल्या आणि स्क्रीनवर कधी भरलं कधी रिकामं, नुसता खेळ सुरू झाला.

मोठं उदाहरण बघायचं तर सॅन फ्रान्सिस्को. तिथे 2011 मध्ये एसएफपार्क नावाची शहराची पार्किंग योजना सुरू झाली, रस्त्यात 8 हजारांवर सेन्सर. ट्रामच्या विजेच्या तारांमुळे काही ठिकाणी रीडिंग बिघडायचं हे वेगळंच. खरी गंमत पुढे आहे. त्यांनी सेन्सरच्या आकड्यांवरून दर काही आठवड्यांनी एकेका ब्लॉकचा (दोन चौकांमधल्या रस्त्याचा) पार्किंग मीटरचा रेट बदलला, 80 टक्क्यांच्या वर भरत असेल तर तासाला 25 सेंट वाढवा, 60 च्या खाली असेल तर कमी करा. जागा शोधत घिरट्या घालणं कमी झालं आणि सरासरी रेट उलट थोडा खालीच आला, जे ऐकून मलाही आधी पटलं नव्हतं. आणि मग 2013 च्या शेवटी बॅटऱ्या संपत आल्या तेव्हा त्यांनी सेन्सर चक्क बंद केले! मीटरवर लोक किती पैसे भरतात त्यावरून अंदाज बांधून रेट बदलणं मात्र चालू ठेवलं.

आता आपल्या पुण्यात हे आणायचं तर आधी आखलेल्या जागा पाहिजेत, एका जागेत एक गाडी पाहिजे, आणि फुकट लावणाऱ्याला कोणीतरी पावती फाडली पाहिजे. इथे पी1-पी2 च्या बोर्डाखाली सम तारीख की विषम यावरून वाद, आणि निम्म्याहून जास्त दुचाक्या, त्यात सेन्सर बिचारा काय सांगणार? आधी रेट लावा आणि तो वसूल करा, मग सेन्सरचं बघू.

प्रोजेक्टच करायचा असेल तर रस्ता सोडा, सोसायटीचं बेसमेंट धरा आणि फक्त चारचाकी मोजा. आणि डबीच्या बरोबर वर गाडी उभी असताना सिग्नल खांबापर्यंत पोचतो का ते पहिल्याच दिवशी तपासा, आमचं सेमिस्टर त्यातच गेलं.