लग्नाला दहा महिने झाले, संबंध जमतच नाहीत, खूप दुखतं. माझ्यातच काही दोष आहे का?

तुमचा प्रश्न वाचताना सहा वर्षांपूर्वीची मीच डोळ्यांसमोर आली. नवरा समजूतदार, त्याच्यावर प्रेमही आहे, पण तो जवळ आला की मांड्या आपोआप मिटतात, पुढे भिंत असल्यासारखं होतं, आग होते. त्यात सासूबाई गोड बातमी विचारतायत. माझे चौदा महिने असेच गेले.

दोष नाही हो तुमच्यात. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा व्हजायनिस्मस असू शकतो. यात योनीभोवतीचे स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आवळले जातात. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते, तसंच. पापणीवर रागावून ती उघडी राहत नाही. उलट दर वेळी दुखलं की शरीर आणखी धास्तावतं आणि पुढच्या वेळी आधीच आवळून बसतं. म्हणून पहिलं काम हे करा : तपासणी होईपर्यंत ‘आज परत बघू’ हे प्रयत्न पूर्ण बंद.

मी ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी ‘अंग सैल सोडा, एक मूल झालं की सगळं ठीक होतं’ म्हणून परत पाठवलं. घरी येऊन खूप रडले. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र अर्धा तास फक्त ऐकून घेतलं आणि तपासणी पुढच्या भेटीवर ठेवली. त्यांनी मला पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथे आधी पोटातून श्वास घेत ते स्नायू सोडायला शिकले. (नेटवर सगळीकडे केगल सांगतात, पण तो आवळण्याचा व्यायाम आहे. आपल्याला आधी सोडणं जमायला हवं.) मग आरसा घेऊन स्वतःचं शरीर पाहिलं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते! त्यानंतर डायलेटर : योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळ्यांचा संच, सगळ्यात लहान करंगळीएवढी. भरपूर जेल लावून, रोज दहा-पंधरा मिनिटं, दुखलं की थांबायचं. मला पाच महिने लागले. नवरा दोनदा सोबत समुपदेशनाला आला, त्याने फार फरक पडला.

तुम्ही असंही लिहिलंय की ‘मनात आपणहून इच्छा येतच नाही, म्हणजे मी थंड आहे का?’ हा शब्द स्वतःसाठी वापरू नका. 1966 मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी शरीरसंबंधातले उत्तेजनेपासून पुढचे टप्पे मांडले. पुढे त्याच्या आधी इच्छेचा टप्पा जोडला गेला, आणि आधी इच्छा मग बाकी सगळं, असाच क्रम धरला गेला. पण 2000 मध्ये कॅनडाच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी दाखवून दिलं की अनेक बायकांमध्ये आधी जवळीक, स्पर्श, मग उत्तेजना आणि त्यानंतर इच्छा जागी होते. त्यात आजार काहीच नाही. शिवाय बहुतेक बायकांना परमोच्च सुखासाठी क्लिटोरिसला (योनीमुखाच्या वरचा छोटासा, फार संवेदनशील भाग) स्पर्श लागतो, नुसत्या प्रवेशाने ते मिळत नाही. आणि दुखणार हे माहीत असताना कुणाला इच्छा होईल?

दुखण्याची दुसरी कारणंही असतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. खाज किंवा अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. खूप आत दुखतं आणि पाळीतही असह्य कळा येतात, तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) शंका घ्यायला हवी. अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी जाणाऱ्या बायकांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होऊन कोरडेपणा येतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते, पण त्या मनानेच बंद करू नका.

दवाखान्यात गेल्यावर खुर्चीत बसल्या बसल्याच सांगा, ‘मला प्रवेशाची भीती वाटते, दुखतं, मी थांबा म्हटलं की थांबा.’ हे ऐकून ज्या डॉक्टर तुमच्याकडे नीट बघतील, त्यांच्याकडेच तपासून घ्या. मला हे वाक्य तोंडातून निघेना, म्हणून मी ते चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं होतं.