गढीभोवतीचा खोलगट पट्टा: खंदक की ओहोळ?

प्रश्न: गिरणाकाठच्या आमच्या गावात पांढऱ्या मातीची पडकी गढी आहे. तिच्या तीन बाजूंनी खोलगट पट्टा दिसतो. तो खंदक असेल का?

उत्तर: ओहोळ उताराबरोबर वळत जातो, रुंदी बदलतो. खंदक मात्र गढीच्या पायथ्याला समांतर राहतो आणि उताराला आडवाही कापतो. पट्ट्यात शेत असेल तर कार्तिकानंतर हरभरा पाहा: बुजलेल्या खंदकातला गाळ ओल धरतो, तिथलं पीक उशिरापर्यंत हिरवं राहतं. मोजायला टेप आणि गवंड्याची लेव्हलची नळी पुरे. पट्ट्यावर आडवी दोरी ताणा, दर ½ मीटरला खोली लिहा. असे छेद चार-पाच ठिकाणी घ्या. एकावर भरवसा नको, कारण धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, टाकायला माती नेलेला खड्डाही खंदकासारखाच दिसतो. फक्त त्याची लांबी तोकडी असते.

पायथ्याची माती मात्र काढू देऊ नका. उभा कापलेला कडा उन्हाळ्यात ताठ राहतो, मग पावसाचं पाणी भेगांत शिरलं की अख्खा थर कोसळतो. खापरं दिसली तर जागीच फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.