वाईट बातमी आणणाऱ्याला आधी चहा

कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल दोनदा वाचला. शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीची इन्चार्ज झालीस, घरात पेढे वाटले आम्ही. पण शेवटची ओळ वाचली आणि घाईनं लिहायला बसलो. चष्मा, लेगगार्ड न घालणाऱ्याला शंभर रुपये दंड, असा कागद सोमवारी लावणार म्हणतेस. एवढ्यात लावू नकोस.

इस्राएलमधल्या हैफा शहरात दोन अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे, म्हणून त्यातल्या सहा ठिकाणी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आधी बाई आपल्यामुळे खोळंबल्या याची लाज वाटायची, आता पैसे भरले की मोकळं. पुढं दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. गेलेली लाज परत येत नाही.

मी हे वाचायच्या कितीतरी आधी करून बसलो होतो. ज्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो तिथं दंडाची वही मीच सुरू केली. दोन महिन्यांत रजिस्टर स्वच्छ झालं, साहेब खूश, मीही खूश. मग एके दिवशी ओतकामावरचा एक पोरगा लंगडताना दिसला. आठ दिवसांपूर्वी पायावर वितळलेल्या मेटलचा शिंतोडा उडाला होता. लेगगार्ड नव्हतं, दंड होईल म्हणून फडकं गुंडाळून तो काम करत राहिला. जखम चिघळली होती. त्याच्या शेजारच्या चौघांना माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं. माणसं सुरक्षित झाली नव्हती गं, गप्प झाली होती. त्या पोराच्या पायाचं मला आजही वाईट वाटतं.

एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९० च्या दशकात हॉस्पिटलांत असंच काहीसं आढळलं. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. शोध घेतल्यावर लक्षात आलं की तिथं लोक चूक बोलून दाखवत होते, इतरत्र झाकत होते. तेव्हा तुझं 'थोडक्यात वाचलो' रजिस्टर (होता होता टळलेल्या अपघातांची वही) महिनाभर कोरं राहिलं तर पाळी चांगली चालली असं समजू नकोस. त्या दिवशी खाली जाऊन माणसांत बस. आणि पहिल्यांदा जो कुणी येऊन सांगेल, 'मॅडम, लॅडल (मेटल ओतायचं भांडं) ओला होता, मी तसाच भरणार होतो', त्याला सगळ्यांदेखत चहा पाज. दुसरा येतो की नाही, हे पहिल्याला तू कसं वागवलंस त्यावर ठरतं.

आता भट्टीचं. इंडक्शन, म्हणजे विजेवर चालणाऱ्या, भट्टीला अर्थ लीकेजचा, वीज जमिनीत गळायला लागल्याचा, अलार्म असतो. लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, झिजून मेटल बाहेरच्या विजेच्या कॉइलकडं सरकायला लागलं की तो वाजतो. एकदा पहाटे तीनला तो वाजला, भट्टीवाल्यानं बायपास केला आणि मला म्हणाला, "साहेब, रोजचंच हाय की ते." खरंच रोजचंच होतं. आधी ओलाव्यानं वाजला, काही झालं नाही. मग पुन्हा वाजला, पुन्हा काही झालं नाही. काही न होणं हाच पुरावा होऊन बसला. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान फुटून सात जण गेले, तिथंही मुळाशी हेच होतं. बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी कड्या झिजतात हे आधीच्या उड्डाणांत दिसलं होतं, पण यान दर वेळी सुखरूप परतलं. आदल्या रात्री इंजिनिअरांनी थंडीत उड्डाण नको म्हटलं, तरी ते झालं. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी याचा फार बारकाईनं अभ्यास केला. चूक एका रात्रीत होत नाही, ती हळूहळू घरची होते, असं त्यांच्या अभ्यासातून मी घेतलं.

आमची भट्टी त्या रात्री वाचली. पण मी स्वतः ती का थांबवली नाही, याचा विचार मी खूप केला. थांबवली असती तर मेटल वाया, कास्टिंगची गाडी चुकली, सकाळी बोलणी नक्की. चालू ठेवली तर कदाचित काहीच होणार नव्हतं. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं: नुकसान नक्की दिसायला लागलं की ते टाळायला माणूस मोठा जुगार खेळतो. भट्टीवाला बेफिकीर नव्हता, मीही नव्हतो. तीन वाजता दोघंही नक्की नुकसानीपासून पळत होतो.

म्हणून तो निर्णय पहाटे तीनवर सोडायचाच नाही. आपल्या पंचगंगेचं बघ. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे पाऊस नसताना ठरलेले असतात, त्यामुळं पाणी चढताना खूण कुठली यावर घोळ घालत बसावं लागत नाही. लायनिंगची जाडी, हीटची (त्या लायनिंगवर किती वेळा मेटल वितळवलं त्याची) संख्या, अलार्म या तिन्हींचे तुझे ३९ आणि ४३ असेच आधी लिहून ठेव. पहिल्या आकड्याला तुला फोन, दुसऱ्याला भट्टी बंद, मग गाडी कुणाचीही थांबली असू दे. त्यावर प्लँट मॅनेजरची सही आजच घे, नाहीतर बंद करणाराच अडकेल.

फक्त आकडा जुन्या अनुभवावर बांधू नकोस. शाहूपुरीत आमचं पॅटर्नचं, म्हणजे साचे करायच्या नमुन्यांचं, भाड्याचं गोदाम होतं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्यावर दोन फूट रॅक चढवून आम्ही निर्धास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. लाकडी पॅटर्न फुगून पाण्यावर तरंगत होते. जे पाहिलं तेच सगळ्यात मोठं, असं मन धरून बसतं.

त्यावर एक उपाय मला लागू पडलेला आहे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचा. पाळी सुरू होताना 'सगळं ठीक ना?' विचारू नकोस, होच म्हणतील. असं विचार: "समजा, आज रात्री नऊला भट्टीतून मेटल बाहेर आलं. कुठून आलं असेल?" आधी ठेक्याच्या पोरांना विचार, मग मिस्त्रींना. तू शेवटी बोल. तू आधी बोललीस तर सगळे तुझीच री ओढतील.

चष्म्याचं राहिलंच. तुझे चष्मे कुठं ठेवलेत? स्टोअरमध्ये, सही करून घ्यायचे? हजेरी लावतात तिथं खोकं ठेव, आणि घामानं धुकट होणारे आणू नकोस. निम्मं काम तिथंच होईल.

रविवारी जेवायला ये, कागद घेऊन ये. पण लायनिंगचा आकडा त्याआधी भट्टीवाल्या मिस्त्रींना विचारून लिही, आणि त्यांचा आकडा पुस्तकापेक्षा कडक निघाला तर त्यांचाच ठेव.

तुझा,
आण्णा