ब्राझीलच्या पाच वह्या आणि चार एकर सोयाबीन

पत्र : सर, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. अकरावीत असताना फुटबॉलचा वर्ल्डकप मोबाईलवर पाहिला. ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरला आणि मला रडू आलं. तेव्हापासून त्या देशाबद्दल जे सापडेल ते लिहून ठेवते. पाच फुलस्केप वह्या भरल्या. दर रविवारी दोन पानांची 'ब्राझीलची चिठ्ठी' बनवून व्हॉट्सअॅपवर पाठवते. आधी दीडशे जण होते, आता मैत्रिणीसुद्धा उघडून बघत नाहीत. म्हणून सगळं नव्यानं करायचं ठरवलंय. नाव बदलायचं, हिरवा-पिवळा रंग घ्यायचा, बोधचिन्ह करायचं. त्यात पोपट घेऊ की फुटबॉल? आणि यातून पुढे काही करिअर होतं का? बाबांची चार एकर कोरडवाहू आहे. ते म्हणतात, "ह्या ब्राझीलनं घरात भाकर येनार हाये काय?"
ता. क. मे २०२४ मध्ये तिकडे दक्षिणेत मोठा पूर आला, तेव्हाची चिठ्ठी मात्र आमच्या कृषी केंद्रवाल्या काकांनी त्यांच्या ग्रुपवर टाकली होती. चार-पाच शेतकऱ्यांनी फोन करून विचारलं, आता सोयाबीन चढंल काय? मला काहीच सांगता आलं नाही.

बेटा,

पोपट घे नाहीतर फुटबॉल घे, त्यानं काही बिघडत नाही. बोलण्यासारखी गोष्ट तू ता. क.मध्ये ढकलून दिलीस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

पत्रासोबत जोडलेल्या तुझ्या अकरा चिठ्ठ्या मी वाचल्या. कार्निव्हल, अॅमेझॉनचं जंगल, पेले, रिओचा येशूचा पुतळा. चांगलं लिहितेस, हात मोकळा आहे. पण हे सगळं कोणालाही मोबाईलवर दोन मिनिटांत मिळतं, आणि तुझ्यापेक्षा चांगल्या फोटोंसकट मिळतं. मैत्रिणी कंटाळल्या त्यात त्यांचा दोष नाही. आणि जी चिठ्ठी तुला स्वतःला किरकोळ वाटली, ती अनोळखी माणसांनी वाचून फोन केले. ते फोन काहून आले, याचा विचार तू केला नाहीस.

ब्राझील आज जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकवणारा देश आहे. वर्षाला १५ कोटी टनांच्या वर. आपला अख्खा देश सव्वा कोटी टनांच्या आसपास घुटमळतो. तिथे हेक्टरी साडेतीन टनांच्या घरात उतारा येतो, म्हणजे आपल्या भाषेत एकरी चौदा क्विंटल. तुझ्या बाबांना एकरी किती झाली ते मी विचारत नाही, माझ्याही घरी सोयाबीनच आहे. ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये सगळ्यात मोठा वाटा मातो ग्रोस्सो नावाच्या राज्याचा. आकारानं जवळजवळ तीन महाराष्ट्र, आणि २०२२ च्या जनगणनेत माणसं किती, तर छत्तीस-सदतीस लाख. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २०११ मध्येच सत्तावीस लाखांवर होती. तिथलं वावर केवढं असेल याचा अंदाज यावरून बांध.

आता त्या फोनवाल्या शेतकऱ्यांना काय सांगता आलं असतं? पूर आला तो रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, पोर्तो अलेग्री शहर पाण्याखाली गेलं. सोयाबीनचं तेही मोठं राज्य, आणि थोडं पीक उभं असतानाच पाणी शिरलं. पण तोवर मातो ग्रोस्सोची सोंगणी कधीच आटोपली होती. देशाचं बहुतेक पीक घरात आलेलं होतं. तेव्हा एका राज्याच्या पुरानं दारव्ह्याचा भाव उसळेल अशी आशा धरण्यात फारसा अर्थ नव्हता. एवढी चार वाक्यं तुझ्याकडे असती, तर ती चिठ्ठी कृषी केंद्राच्या भिंतीवर लागली असती.

म्हणून नव्यानं रचायचंच असेल तर रंगाला शेवटी हात घाल. पाचही वह्या घेऊन बस आणि लाल पेनानं खुणा कर. जे कुठेही मिळतं ते एका बाजूला. ज्याचा आपल्या वावराशी, बाजाराशी, ताटाशी धागा जुळतो ते दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग लहान निघेल, पण तुझा तोच. आणि मांडणी आठवड्यांची ठेवू नकोस, आपल्या शेतीच्या महिन्यांची ठेव. डाव्या बाजूला आपण, उजव्या बाजूला ते. जूनमध्ये आपण पेरतो तेव्हा तिकडे दुसऱ्या हंगामातला मका निघत असतो. त्या हंगामाला ते 'साफ्रिन्या' म्हणतात, म्हणजे छोटं पीक. नाव छोटं, पण मातो ग्रोस्सोत मक्याचा मोठा वाटा त्यातलाच, आणि पऱ्हाटीही बरीचशी सोयाबीन काढून त्याच वावरात घेतात. त्याच कापसाच्या जोरावर २०२३-२४ च्या हंगामात ब्राझीलनं निर्यातीत अमेरिकेला मागे टाकलं. हे यवतमाळच्या माणसानं वाचायचं नाही तर कोणी? दसरा-दिवाळीत आपली मळणी चालते तेव्हा तिकडे पेरणी सुरू असते. आणि भाव येईल म्हणून आपण पोती घरात रचून ठेवतो, तेव्हा जानेवारीपासून तिकडचं नवं पीक बाजारात उतरायला लागतं. थांबलेल्या शेतकऱ्याला ही तारीख ठाऊक हवी.

एक सावधगिरी मात्र पाळ. 'भाव चढेल' किंवा 'विकून टाका' असं कधीही लिहू नकोस. ब्राझीलचं पीक हे भावामागचं एकच कारण. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. ढेपेला बाहेर मागणी किती, मालात ओलावा किती, सरकारी खरेदी केंद्र उघडलं की नाही, हेही आहेच. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजार समितीच्या यार्डात काय मिळालं ते तुझ्या बाबांना विचार. तू फक्त तिकडे काय घडतंय ते सांग, कुठून कळलं तेही खाली लिही. तिथली 'कोनाब' नावाची सरकारी संस्था हंगामभर दर महिन्याला पिकाचा अंदाज काढते. तो थेट वाचायला शीक. इकडून-तिकडून आलेल्या फॉरवर्डवर चिठ्ठी बेतू नकोस.

चुकांचंही बोलून घेतो. तुझ्या तिसऱ्या चिठ्ठीत राजधानी रिओ लिहिली आहे. रिओ १९६० पर्यंत होती, त्यानंतर ब्राझिलिया. ती चिठ्ठी गुपचूप पुसून टाकू नकोस. पुढच्या अंकात वरच्या बाजूला दुरुस्ती टाक. उद्या एखाद्या मालकानं तुझं काम तपासलं तर चूक दिसल्यानं तो दचकणार नाही, लपवलेली सापडली तर दचकेल.

पण कोनाबचा अंदाज थेट वाचायचा तर भाषा लागते, आणि तुझ्या पाच वह्यांत पोर्तुगीजचं एक पान नाही. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हीच चूक मी केली आहे. कॉलेजात असताना मी रेडिओ जपानला पत्रं लिहायचो. त्यांची हिंदी सभा, म्हणजे हिंदी प्रसारण, ऐकायची, अभिप्राय पाठवायचा, मग त्यांच्याकडून कॅलेंडर, स्टिकर, कधी पुस्तिका यायच्या. पोस्टमन पाकीट घेऊन आला की अख्खी गल्ली गोळा व्हायची. ट्रंक भरली. जपानची बेटं, डोंगर, गाड्यांचे वेग तोंडपाठ. आणि जपानी? नमस्कार आणि धन्यवाद. ती ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, उंदरांनी कॅलेंडरं वगळून बाकी सगळं संपवलं.

पोर्तुगीज तुला वाटते तितकी परकी नाही. गोव्यात त्यांचं राज्य १९६१ पर्यंत होतं, आणि कोकणच्या किनाऱ्यावरून त्यांचे शब्द चालत चालत वऱ्हाडापर्यंत आले. बाबा सकाळी जी चावी घेतात, जी बादली उचलतात, ज्या घमेल्यात माती भरतात, ते तिन्ही शब्द तिकडचे. पगारही तिकडचा. बटाटा तिकडचा, काजू तर शब्द आणि झाड दोन्ही ब्राझीलचं. आपल्याकडे यार्डात 'हर्रास' म्हणतात, पण समितीच्या पाटीवर 'लिलाव' लिहिलेलं असतं ना, तोही पोर्तुगीजच. एवढी शिदोरी घेऊन शिकायला बसणारा विद्यार्थी थोडा पुढूनच सुरुवात करतो. उच्चारांचं मात्र जपून. ब्राझीलचा माणूस शब्दाच्या सुरुवातीच्या 'र'चा 'ह' करतो. रिओला तो जवळपास 'हिऊ' म्हणतो, आणि तुझ्या रोनाल्डोला काय म्हणत असेल ते तूच जुळव.

आणखी एक. पोर्तुगीज म्हणजे फक्त ब्राझील नाही. मोझांबिकची राजभाषाही तीच, आणि आपल्याकडे तूर येते त्यातला मोठा वाटा मोझांबिकचा. २०१६ मध्ये भारतानं त्यांच्याशी डाळीच्या खरेदीचा करार केला होता. अलीकडे ब्राझीलहून उडीदही यायला लागला आहे. सोयाबीन, तूर, उडीद, कापूस. तुझ्या बाबांच्या चार एकरांत जे पिकतं, त्यातल्या बहुतेकांचे प्रतिस्पर्धी एकाच भाषेत बोलतात. ती भाषा येणारं माणूस आपल्या भागात तुला कितीजण ठाऊक आहेत?

आता भाऊ, दोन शब्द तुमच्याशी. पोरगी हे वाचून दाखवेलच. तुमचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या ब्राझीलनं भाकर येत नाही. एखाद्या देशाची माहिती असणं हा धंदा नाही, त्या माहितीसाठी पगार देणारं कोणी नसतं. पगार मिळतो तो भाषेला, नाहीतर मालाच्या जाणकारीला, आणि दोन्ही एका माणसात असली तर बरा मिळतो. खाद्यतेल आणि डाळी आयात करणाऱ्या मुंबईच्या कंपन्या, दलाली पेढ्या, इंदूरकडचे सोयाबीनवाले, यांना परदेशातल्या पिकाचा अंदाज वाचणारी माणसं लागतात. त्या खुर्चीवर बसणाऱ्या बऱ्याच पोरांनी सोयाबीनची शेंग कधी हातात घेतलेली नसते. तुमच्या पोरीनं सोंगणी केली आहे, ओल्या मालाला अडत्या किती कापतो ते तिनं उभं राहून पाहिलं आहे. याशिवाय पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या कंपन्यांत ब्राझीलच्या ग्राहकांची कामं पोर्तुगीजमध्ये चालतात. ते काम रुक्ष असतं, रात्रपाळीही असते, कारण आपल्यात आणि तिकडच्या राजधानीत साडेआठ तासांचं अंतर. पण सुरुवातीला चालून जातं.

बेटा, मराठी पत्रकारितेचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. हौस म्हणून जरूर लिही, पण घर त्यावर उभं करायचा बेत करू नकोस.

बी.ए. सोडू नकोस, भूगोल तर अजिबात नाही. या दोन वर्षांत ऑनलाइन वर्गातून पोर्तुगीजचा पाया घाल आणि एक्सेल नीट शिक. दहा वर्षांचे भाव उतरवून त्याचा आलेख काढता आला पाहिजे. पुढे तीन वाटा फुटतात. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं एम.ए. आहे. पणजीत पोर्तुगालच्या कामोंइश संस्थेचं भाषाकेंद्रही आहे. दिल्लीला जेएनयूत लॅटिन अमेरिकेचा अभ्यास करणारं केंद्र आहे, तिथल्या एम.ए.चे प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून होतात. तिसरी वाट कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची. अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. माझं मत विचारशील तर गोवा. जेएनयूचं नाव मोठं आहे, पण तुझी उणीव भाषेची आहे, सिद्धांताची नाही. भाषा हाताशी आली की 'सेल्पे-ब्रास' दे. ब्राझील सरकार मान्य करतं ती पोर्तुगीजची परीक्षा हीच, आणि त्या एकाच परीक्षेतून तुझी पातळी ठरते.

परदेशी जायची घाई करू नकोस. ब्राझीलला नेतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर आधी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात चौकशी कर.

नागपूर तुला फार लांब नाही. तिथल्या लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेत एकदा जाऊन ये. संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाबद्दल विचार. तोच रोग २००४ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात सापडला, आणि जगाला संत्र्याचा रस पाजणारे ते बागायतदार तेव्हापासून त्याच्याशी झगडत आहेत. वरूड-मोर्शीच्या बागायतदाराला त्यांनी काय केलं, काय फसलं, हे मराठीत कोणी सांगितलं तर हवंच आहे. ही तुझी दुसरी चिठ्ठी होऊ शकते. पहिली अर्थातच सोयाबीनची.

दर रविवारचा हट्ट सोड. महिन्याला एक पुरे, कोनाबचा अंदाज आला की त्यानंतरच्या रविवारी. आणि पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखव. जिथे ते "म्हंजे काय?" म्हणतील तिथे पुन्हा लिही.

नवी यादी करशील तेव्हा माझाही नंबर घाल. माझ्या भावाच्या घरी पंधरा पोती अजून पडून आहेत आणि तो रोज संध्याकाळी मलाच विचारतो.