जुनी बुलेट ३५० (पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच असलेली) गरम झाली की बंद पडते, थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. कॉइल बदलू का?

आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा भाग) बदला, कॉइलच्या (प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाच्या) खर्चात लगेच पडू नका. गाडी बंद पडल्या पडल्या पॉइंटचं झाकण काढा, प्लग बाहेर काढून हेडला टेकवा (प्लगच्या भोकापासून जरा लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते) आणि चावी चालू ठेवून कोणाला तरी किक मारायला सांगा. पॉइंट उघडताना तिथेच मोठी निळी ठिणगी उडतेय, प्लगला मात्र पिवळट, मरतुकडी येतेय, तर कंडेन्सरच गेलाय. पॉइंट उघडताना कॉइलमधला करंट त्याने सामावून घ्यायचा असतो. तो घेत नाही म्हणून करंट पॉइंटवरच जळतो, आणि प्लगला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. पॉइंटही काळे, खड्डे पडलेले दिसतील. बारीक पॉलिश पेपरने घासून पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. स्वस्तातला नवा कंडेन्सरही कधी कधी खराब निघतो, तेव्हा नीट चालणाऱ्या दुसऱ्या गाडीतला काढून लावून बघणं उत्तम. मात्र पॉइंट स्वच्छ, कंडेन्सर चांगला, कॉइलपर्यंत बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज येतोय, आणि तरी गरम असतानाच ठिणगी मरत असेल, तर मग कॉइलच.